सकाळी कंबर आखडते, पण सोनोग्राफी नॉर्मल! दाहामुळे होणारी कंबरदुखी सोनोग्राफीत दिसते का?

पहाटे चार-साडेचारला कंबरदुखीने जाग येते. कूस बदलायची तरी मनाची तयारी करावी लागते. उठल्यावर अर्धा-पाऊण तास कंबर लाकडासारखी ताठ असते, मोजे घालायला वाकताही येत नाही. पण आंघोळ झाली, ऑफिसची धावपळ सुरू झाली की दुखणं हळूहळू कमी होतं. रविवार लोळून काढावा, तर सोमवारची सकाळ आणखी वाईट जाते.

पंचविशी-तिशीतल्या कुणी ही तक्रार केली की घरातले सल्ले ठरलेले असतात. "गादी बदल." "बाइक कमी चालव." "लॅपटॉप मांडीवर घेऊन बसतोस, मग दुसरं काय होणार?" शेजारचे काका तर थेट निदानच करतात, "मणक्यात गॅप आला असेल." मग कधीतरी डॉक्टरांकडे जाणं होतं. किडनी स्टोन तर नाही ना, हे बघायला पोटाची सोनोग्राफी केली जाते. रिपोर्ट येतो : नॉर्मल. घरच्यांना हायसं वाटतं. दुखणं मात्र जिथल्या तिथे.

खरी गडबड इथेच होते. कारण त्या सोनोग्राफीने किडनीबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं असतं, कंबरेबद्दलच्या नाही. मग कंबरेच्या सांध्याचीच सोनोग्राफी केली तर? तिथला दाह त्यात दिसतो का? आणि दिसत नसेल, तर निदान करायचं कशाच्या आधारे? समजून घेऊया.

दाहामुळे होणारी कंबरदुखी म्हणजे काय?

बहुतेकांची कंबरदुखी ही 'यांत्रिक' असते. म्हणजे स्नायू ताणला गेला, चुकीच्या पद्धतीने वजन उचललं, चकती सरकली किंवा वयानुसार झीज झाली. अशी कंबर काम केल्यावर जास्त दुखते आणि आडवं पडलं की बरं वाटतं.

दाहामुळे होणाऱ्या कंबरदुखीचा स्वभाव नेमका उलटा आहे. इथे शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर चालून जाते. मणका आणि ओटीपोटाच्या हाडांच्या सांध्यांत दाह सुरू होतो. या आजाराला 'अ‍ॅक्सियल स्पॉन्डिलोआर्थ्रायटिस' म्हणतात. तो वाढून एक्स-रेमध्ये ठळक बदल दिसू लागले की त्याचं जुनं, जास्त परिचित नाव वापरलं जातं : अँकिलॉजिंग स्पॉन्डिलायटिस. काही रुग्णांमध्ये बऱ्याच वर्षांनी मणके एकमेकांना जुळून पाठ कायमची ताठ होऊ शकते.

इथे एक घोळ लक्षात ठेवा. आपल्याकडे मान दुखली की "मला स्पॉन्डिलायटिस आहे" असं सर्रास म्हटलं जातं. बहुतेक वेळा ती वयानुसार होणारी झीज असते आणि तिचं खरं नाव 'स्पॉन्डिलोसिस' आहे. ऐकायला दोन्ही शब्द सारखे वाटतात, पण आजार वेगळे आणि उपचारही वेगळे.

ही कंबरदुखी ओळखायची कशी?

या आजारांवर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या 'असास' या आंतरराष्ट्रीय गटाने २००९ मध्ये पाच खुणा मांडल्या. तीन महिन्यांहून जास्त काळ कंबर दुखत असेल आणि पाचपैकी चार खुणा जुळत असतील, तर दाहाची शंका घ्यायला हवी.

- दुखणं वयाच्या चाळिशीच्या आत सुरू झालं.
- ते एका झटक्यात नाही, तर हळूहळू सुरू झालं. नेमकी तारीख सांगता येत नाही.
- हालचाल, व्यायाम केल्यावर बरं वाटतं.
- आराम केल्याने बरं वाटत नाही.
- रात्री दुखतं आणि उठून फिरल्यावर कमी होतं.

याशिवाय सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ कंबर आखडलेली राहणं आणि कधी डाव्या तर कधी उजव्या कुल्ल्यात दुखणं, या दोन तक्रारीही महत्त्वाच्या आहेत.

या पाचही खुणा पाहा. त्यांतल्या एकीसाठीही मशीन लागत नाही. डॉक्टरांनी नीट विचारलं आणि रुग्णाने नीट सांगितलं की काम होतं. तरीही जगभरात या आजाराचं निदान व्हायला सरासरी सहा-सात वर्षं लागतात. कारण कंबरदुखी इतकी सर्रास आहे की तिच्याकडे कुणी आजार म्हणून बघतच नाही.

बायकांच्या बाबतीत हा उशीर आणखी वाढतो. हा पुरुषांचाच आजार आहे, असा समज डॉक्टरांमध्येही बराच काळ होता. त्यात आपल्याकडे बाळंतपणानंतरच्या कंबरदुखीसाठी उत्तर तयारच असतं, "सिझरच्या वेळी पाठीत इंजेक्शन दिलं ना, त्यामुळे दुखतं." आणि विषय संपतो.

नेमकं बिघडतं कुठे?

पाठीच्या कण्याच्या तळाशी त्रिकोणी आकाराचं एक हाड असतं, त्रिकास्थी. त्याच्या दोन्ही बाजूंना ओटीपोटाची रुंद हाडं येऊन मिळतात. ही जोडणी म्हणजे सॅक्रोइलियाक सांधा, थोडक्यात 'एसआय जॉइंट'. कंबरेच्या खाली, पाठीमागे दोन्ही बाजूंना जिथे खळ्या दिसतात, साधारण त्या भागात आत खोलवर हे दोन सांधे असतात.

बहुतेक रुग्णांमध्ये आजाराची सुरुवात याच सांध्यांपासून होते. त्यांच्या दाहाला 'सॅक्रोइलायटिस' म्हणतात. यातही महत्त्वाची गोष्ट अशी की सुरुवातीचा दाह सांध्याला लागून असलेल्या हाडाच्या आत, मज्जेमध्ये असतो. सोनोग्राफीची अडचण कळण्यासाठी हा तपशील लक्षात ठेवा.

सोनोग्राफीला हाडाचं वावडं का?

माणसाच्या कानाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. सोनोग्राफीत त्याच्या शेकडो पट जास्त, म्हणजे काही दशलक्ष हर्ट्झच्या ध्वनिलहरी वापरतात. जेल लावून त्वचेवर प्रोब फिरवला की लहरी आत जातात, वेगवेगळ्या थरांवर आपटून परत येतात आणि त्या प्रतिध्वनींवरून मशीन चित्र बनवतं. यात किरणोत्सर्ग नाही, दुखत नाही, खर्च एमआरआयपेक्षा बराच कमी येतो आणि अवयव हलतानाही दिसतो.

पण हाड आलं की गाडी अडते. हाडाच्या पृष्ठभागावरून बहुतेक लहरी माघारी फिरतात. त्यामुळे पडद्यावर हाडाची फक्त वरची कड पांढरी दिसते आणि तिच्या मागे काळी सावली पडते. बंद दारावर टॉर्च मारल्यासारखं आहे हे. दार लख्ख दिसतं, खोलीत काय चाललंय ते नाही.

त्यात एसआय जॉइंट खोल आहे. त्याच्या फटीचा बराचसा भाग दोन हाडांच्या मध्ये तिरका दडलेला असतो. मागच्या बाजूने प्रोब ठेवला तर सांध्याची मागची कड आणि त्यावरचे मजबूत अस्थिबंध दिसतात. आतला आणि पुढचा भाग, जिथे दाह शोधायचा असतो, तो हाडाच्या सावलीत जातो. शिवाय खोलवर पाहायला कमी वारंवारतेच्या लहरी वापराव्या लागतात आणि वारंवारता कमी केली की चित्राचा बारकावा कमी होतो.

थोडक्यात, हाडाच्या मज्जेतला दाह सोनोग्राफीला दिसत नाही. मशीन कितीही महागडं असलं तरी हा नियम बदलत नाही.

मग डॉप्लरने काही कळतं का?

संशोधकांनी यावर एक आडवाट शोधली. दाह थेट दिसत नसेल, तर दाहामुळे वाढलेला रक्तप्रवाह दिसतो का ते पाहू. त्यासाठी डॉप्लर सोनोग्राफी वापरतात. वाहत्या रक्तावरून परत येणाऱ्या लहरींची वारंवारता बदलते आणि त्यावरून प्रवाहाचा वेग कळतो.

१९९९ मध्ये तुर्कीतल्या डॉक्टरांच्या एका गटाने सॅक्रोइलायटिसच्या रुग्णांमध्ये सांध्याच्या मागच्या भागातल्या रक्तप्रवाहाचा असा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानंतर वेगवेगळ्या देशांत असे अभ्यास झाले. त्यांत एक आकडा वारंवार येतो, 'रेझिस्टिव्ह इंडेक्स'. नाव अवघड आहे, पण कल्पना सोपी आहे.

हृदयाचा ठोका पडला की धमनीत रक्त जोरात पुढे जातं. दोन ठोक्यांच्या मधल्या काळात प्रवाह मंदावतो. पुढच्या वाहिन्या आखडलेल्या असतील तर मधल्या काळात प्रवाह जवळजवळ थांबतो आणि हा आकडा १ च्या जवळ जातो. दाह असेल तर लहान वाहिन्या रुंदावतात, मधल्या काळातही रक्त वाहत राहतं आणि आकडा खाली येतो. सक्रिय दाह असलेल्या रुग्णांत हा आकडा कमी दिसतो आणि उपचारांनंतर तो वाढतो, असं काही अभ्यासांत आढळलं.

ऐकायला छान वाटतं. पण प्रत्यक्षात अडचणी आहेत. निरोगी माणसाच्याही या भागात रक्तवाहिन्या असतातच, त्यामुळे डॉप्लरवर रंग दिसला म्हणजे आजार असं म्हणता येत नाही. कोणत्या आकड्याखाली दाह मानायचा, यावर अभ्यासांचं एकमत नाही. पेशंटचं वजन जास्त असेल तर लहरींना आणखी खोल जावं लागतं. आणि प्रोब कोणाच्या हातात आहे, त्याने तो कुठे आणि कोणत्या कोनात धरला, यावरही निकाल बदलतो.

मार्गदर्शक सूचना काय सांगतात?

संधिवाताच्या क्षेत्रात काम करणाऱ्या 'युलार' या युरोपीय संघटनेने २०१५ मध्ये या आजारांत कोणत्या इमेजिंग तपासण्या कराव्यात याच्या शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की, अ‍ॅक्सियल स्पॉन्डिलोआर्थ्रायटिसमधल्या सॅक्रोइलायटिसचं निदान करण्यासाठी सोनोग्राफीची शिफारस नाही.

याचा अर्थ दोन्ही बाजूंनी घ्यायचा. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून दाह नाही, असं म्हणता येत नाही. आणि कुणी डॉप्लरमध्ये रक्तप्रवाह वाढलेला दाखवला, तर तेवढ्यावर आजाराचा शिक्काही मारता येत नाही.

मग कोणती तपासणी उपयोगाची?

एक्स-रे : सहसा सुरुवात ओटीपोटाच्या एक्स-रेने होते. स्वस्त आहे, सगळीकडे उपलब्ध आहे. पण एक्स-रेत दिसतो तो दाहाने केलेला परिणाम : हाडाची झालेली झीज, फट कमी होणं, सांधा जुळणं. हे बदल दिसायला काही वर्षं जाऊ शकतात. त्यामुळे सुरुवातीच्या काळात एक्स-रे नॉर्मल असणं अगदी शक्य आहे.

एमआरआय : हाडाच्या मज्जेत दाहामुळे पाणी वाढतं आणि ते एमआरआयमध्ये दिसतं. त्यासाठी 'स्टर' नावाचं एक खास सिक्वेन्स वापरतात. त्यात चरबी काळी आणि दाहाची जागा पांढरी उठून दिसते. तरुण रुग्ण असेल आणि त्रास अलीकडेच सुरू झाला असेल, तर एक्स-रेऐवजी थेट एमआरआयही करता येतो, असं युलारच्या शिफारशी सांगतात.

इथे अनेकांचे पैसे वाया जातात. कंबर दुखते म्हटल्यावर 'लंबर स्पाइन'चा, म्हणजे कंबरेच्या मणक्यांचा एमआरआय काढला जातो. त्यात एसआय जॉइंट नीट येतीलच असं नाही. रिपोर्टमध्ये 'चकती किंचित फुगलेली' असं काहीतरी येतं, जे तक्रार नसलेल्या कित्येकांच्या एमआरआयमध्येही सापडतं. दाहाचा प्रश्न असेल तर चिठ्ठीवर 'एसआय जॉइंट'चा एमआरआय लिहिला आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

एमआरआयसुद्धा अचूक नाही. नियमित धावणारे, खेळाडू आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया यांच्या एसआय जॉइंटजवळही असे पांढरे भाग दिसू शकतात. म्हणून चित्राबरोबर लक्षणंही जुळावी लागतात.

रक्त तपासणी : सीआरपी वाढलेला असेल तर दाहाला दुजोरा मिळतो, पण बऱ्याच रुग्णांत तो नॉर्मल असतो. 'एचएलए-बी२७' या जनुकाचा आणि अँकिलॉजिंग स्पॉन्डिलायटिसचा संबंध १९७३ मध्ये समोर आला. ही तपासणी मदत करते, पण हे जनुक असलेल्या बहुतेक लोकांना आजार कधीच होत नाही. त्यामुळे नुसता 'बी२७ पॉझिटिव्ह' रिपोर्ट पाहून घाबरायचं कारण नाही.

मग सोनोग्राफी काहीच कामाची नाही का?

आहे, पण कंबरेपेक्षा टाचेवर.

हा आजार कंबरेपुरता राहत नाही. स्नायूंचे कंडर आणि अस्थिबंध जिथे हाडाला चिकटतात, त्या जागाही दाहाच्या तडाख्यात येतात. याला 'एन्थेसायटिस' म्हणतात. टाचेच्या मागे, जिथे पोटरीचा जाड कंडर हाडाला जोडलेला असतो, तिथे हे बरेचदा होतं. हा भाग त्वचेच्या अगदी जवळ असल्याने जास्त वारंवारतेचा प्रोब वापरता येतो आणि चित्र बारकाईने दिसतं. कंडर जाड झालाय का, हाडाची कड खाल्ली गेली आहे का, चिकटण्याच्या जागी डॉप्लरवर रक्तप्रवाह दिसतो का, हे सगळं पाहता येतं. अशा ठिकाणचा दाह शोधण्यासाठी सोनोग्राफी वापरता येते, असं युलारच्या त्याच शिफारशी सांगतात.

म्हणजे पंचविशीतल्या एखाद्याला कंबरदुखी आहे आणि सोबत सहा महिन्यांपासून टाचही दुखते, तर टाचेची सोनोग्राफी कंबरेच्या निदानाला हातभार लावू शकते. मात्र जास्त धावण्याने किंवा खेळण्यानेही टाचेत असे काही बदल होतात, हेही ध्यानात ठेवावं लागतं.

गुडघा, घोटा, बोटांचे सांधे सुजले असतील तर तिथेही सोनोग्राफी उपयोगी पडते. गरज पडल्यास एसआय जॉइंटमध्ये इंजेक्शन देताना सुईला दिशा दाखवायला तिचा वापर होतो. आणि किडनी स्टोनसारखी दुसरी कारणं शोधायला तर ती आहेच.

डॉक्टरांच्या टेबलावर प्रोब का नसतो?

युरोपात अनेक संधिवाततज्ज्ञ आपल्या खोलीतच, बोलता बोलता सांध्याची सोनोग्राफी करतात. भारतात हे तितकं सोपं नाही. कारण आहे गर्भलिंगनिदान रोखणारा १९९४चा कायदा, ज्याला आपण पीसीपीएनडीटी म्हणून ओळखतो. त्यानुसार सोनोग्राफी मशीन असलेल्या प्रत्येक ठिकाणाची नोंदणी बंधनकारक आहे, मग तिथे फक्त सांधे तपासले जात असले तरी. असा कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला होता. मुलींचा जीव वाचवण्यासाठी ही कडक बंधनं आली. त्याची एक बाजू अशी की सांध्यांच्या सोनोग्राफीसाठी रुग्णाला बहुतेकदा वेगळ्या केंद्रात जावं लागतं. तिथे जाताना चिठ्ठीवर काय शोधायचं आहे ते स्पष्ट लिहिलेलं असेल, तर रिपोर्टही कामाचा येतो.

सगळाच दाह या आजाराचा नसतो

आपल्याकडे एक शक्यता विसरून चालत नाही, टीबी. मणक्याला आणि एसआय जॉइंटलाही टीबी होऊ शकतो. कंबरदुखीसोबत संध्याकाळचा ताप, वजन घटणं, रात्री घाम येणं अशी लक्षणं असतील तर थांबू नका. पायातली ताकद कमी होणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं किंवा मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा आला, तर थेट हॉस्पिटल गाठा.

डॉक्टरांकडे जाताना काय सांगाल?

"कंबर दुखते" एवढंच सांगू नका. कधीपासून दुखते, रात्री जाग येते का, सकाळी किती मिनिटं आखडलेली असते, चालल्यावर काय होतं आणि झोपून राहिल्यावर काय होतं, हे सांगा. वेदनाशामक गोळीने एक-दोन दिवसांत स्पष्ट फरक पडतो का, तेही सांगा.

आणि ज्या गोष्टींचा कंबरेशी संबंध वाटत नाही, त्याही सांगा. एक डोळा अचानक लाल होऊन दुखला होता का आणि उजेड सहन होत नव्हता का? घरात सगळे म्हणाले असतील की "डोळे आलेत", पण तो डोळ्याच्या आतला दाह असू शकतो. सोरायसिस, आतड्यांचा दीर्घकाळचा दाह, टाचदुखी, एखादं बोट संपूर्ण सुजणं, घरात कुणाला असा आजार असणं, हे सगळे धागे डॉक्टर एकत्र जोडतात. निदान या जोडणीतून होतं, कुठल्या एका रिपोर्टमधून नाही. या आजाराचे तज्ज्ञ म्हणजे रुमॅटॉलॉजिस्ट, अर्थात संधिवाततज्ज्ञ. तुमच्या फॅमिली डॉक्टरांना किंवा अस्थिरोगतज्ज्ञांना त्यांच्याकडे पाठवायला सांगता येतं.

लवकर कळलं तर काय फरक पडतो?

बराच. नियमित व्यायाम हा या आजारात उपचाराचाच भाग आहे, आणि तिथे "आराम कर" हा घरचा सल्ला उलटा पडतो. सिगारेट सोडणं महत्त्वाचं, कारण धूम्रपानाने आजार जास्त बळावतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दाह कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्या दिल्या जातात. त्या मेडिकलमधून परस्पर आणून महिनोन्‌महिने खाऊ नयेत, कारण पोट आणि किडनीला इजा होऊ शकते. त्याने भागलं नाही तर दाहाची साखळी तोडणारी बायोलॉजिकसारखी औषधं आहेत. ती सुरू करण्याआधी टीबीची तपासणी करतात. आजार मुळापासून जात नाही, पण अनेकांना नोकरी, प्रवास, संसार नीट सांभाळता येतो.

म्हणून पुढच्या वेळी तुमचा मित्र किंवा बहीण म्हणाली की "कंबर दुखते, पण सोनोग्राफी नॉर्मल आहे", तर एवढंच विचारा, "सोनोग्राफी कशाची केली होती? आणि सकाळी उठल्यावर कंबर किती वेळ आखडलेली असते?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अर्ध्या तासाहून जास्त असेल आणि हे तीन महिन्यांपासून चालू असेल, तर त्यांना हा लेख पाठवा आणि डॉक्टरांची अपॉइंटमेंट घ्यायला सांगा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तपासण्या आणि औषधांचा निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.)